निसर्ग वादळानंतर आमच्या शाळेचं छप्पर : दहा महिन्यांचा हिशेब

मागच्या पावसाळ्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या गावच्या शाळेचे पत्रे वाऱ्याने उडाले होते आणि ‘तुम्ही हे काम केलंय म्हणे, सुरुवात कुठून करायची ते सांगा’ असं त्या विचारत होत्या. तास-दीड तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायला हवं. तारखा आणि रकमा माझ्या वहीत आहेत, त्या तशाच देते.

माझं माहेर दक्षिण रायगडात. गाव लहान, तीन वाड्यांचं. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि पुढे पडवी. भिंती जांभ्याच्या, वर कौलं. मी इथेच चौथीपर्यंत शिकले, आता डोंबिवलीला असते. टाळेबंदीत १० मे २०२० रोजी ई-पास काढून दोन मुलांना घेऊन माहेरी आले. मुंबईकडून येणाऱ्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं म्हणून गावाने आमची सोय शाळेतच केली होती. म्हणजे ज्या खोलीत मी अक्षरं गिरवली, तिथेच २४ मेपर्यंत सतरंजीवर झोपले. रात्री मुलांना वरची कौलं मोजायला लावायची. त्यानंतर दहा दिवसांत ते छप्पर राहिलं नाही.

२ जूनला संध्याकाळी ग्रामसेवक आणि पोलीस पाटील वादळ येतंय असं फिरून सांगून गेले. शाळेत तेव्हा मुंबईहून आलेली आणखी दोन कुटुंबं होती, त्यांना समाजमंदिरात हलवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता हे नंतर कळलं. आम्ही आठ माणसं स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो होतो आणि बाहेर माड मोडल्याचे आवाज येत होते, एकापाठोपाठ एक.

४ तारखेला सकाळी वाट काढत शाळेकडे गेलो. वाटेत सुपारीच्या बागा आडव्या. शाळेच्या पडवीचं छप्पर सगळं गेलेलं, दोन्ही खोल्यांवरचे वासे निम्मे खाली आलेले, उत्तरेकडची वरची त्रिकोणी भिंत ढासळून बाकांवर पडलेली. कपाटाचं दार उघडं होतं आणि आतलं शाळेचं दप्तर, म्हणजे नोंदवह्या आणि कागद, चिंब.

आमच्याकडून पहिली चूक तिथेच झाली. पोरं जातील, कुणाला लागेल म्हणून गावाने दोन दिवसांत फुटकी कौलं आणि मोडके वासे उचलून एका कोपऱ्यात रचले. तलाठी आणि ग्रामसेवक घरांचे पंचनामे करत आले, तोवर शाळा बऱ्यापैकी साफ दिसत होती. शिवाय ती सरकारी इमारत, तिचा अहवाल वेगळा जायचा होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये ४ तारखेचे अकरा फोटो निघाले म्हणून निभावलं. वादळ झालं की आधी फोटो काढा, चारी बाजूंनी, आतून आणि बाहेरून. एका फोटोत शाळेच्या नावाची पाटी येऊ द्या. मग झाडू हातात घ्या.

गावात वीज नव्हती, ती महिन्याहून जास्त काळ आली नाही. फोनला रेंज हवी तर देवळाच्या वरच्या माळावर जावं लागे. त्या दिवसांत माझ्याकडे जे काम आलं, त्यातूनच पुढचं सगळं घडलं. मुख्याध्यापक गुरुजींनी ओलं दप्तर आमच्या ओटीवर आणून ठेवलं आणि म्हणाले, “बाय, बाकी काही गेलं तरी चालेल, जनरल रजिस्टर वाचव.”

बाहेरच्या माणसाला या वहीचं मोल कळणार नाही. गावात पहिलीत दाखल झालेल्या प्रत्येकाचं नाव, जात, जन्मतारीख त्यात असते. आमच्या गावात कुणबी जास्त. ओबीसीचा दाखला आणि त्याची पडताळणी करायची तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि बहुतेक घरांत तो एवढाच असतो, आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा. आमचं रजिस्टर १९५२ पासूनचं. ती पानं गेली असती तर कित्येक पोरांचे दाखले अडले असते.

पाऊस धरायच्या आत जेमतेम आठवडा होता. आईच्या जुन्या सुती लुगड्याचे पानाएवढे तुकडे फाडले, प्रत्येक दोन पानांत एक तुकडा घातला, वर पाटा ठेवला. दर तीन तासांनी तुकडे बदलायचे. दुपारी उन्हात सावली धरून पानं उघडी ठेवायची, कारण थेट उन्हात कागद वाकतो. रात्री चुलीच्या वरच्या माळ्यावर उबेला. जुनी दौतीची शाई टिकली होती, बॉलपेनही टिकलं. अलीकडची जेल पेनाची अक्षरं मात्र निळ्या डागांत विरघळली होती. त्या मुलांचे जन्माचे दाखले घरोघरी होते, म्हणून त्या नोंदी पुढे वरिष्ठांच्या परवानगीने पुन्हा लिहिता आल्या.

पानं उलटताना नावं वाचली जातातच. मुलांच्या नावांपुढे ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ असं असे. मुलींच्या पुढे कितीतरी ठिकाणी ‘घरकामासाठी’. एका पानावर ओळीने चार ‘घरकामासाठी’. त्यातली एक माझी थोरली आत्या होती, तिसरीतून काढलेली. पुढच्या पानांवर माझ्या मैत्रिणी भेटल्या. या सगळ्याजणी आता कुठे कुठे होत्या, नालासोपारा, दिवा, महाड, पुणे. आमचं मुंबई मंडळ म्हणजे गावातून मुंबईला गेलेल्यांचं मंडळ, त्याची वर्गणीची यादी घराण्यांवरून चालते, पुरुषांच्या नावाने. लग्न होऊन गेलेल्या लेकी त्या यादीत नसतातच. पण या वहीत त्या होत्या.

तोवर कागदांची वाट सुरू झाली होती. २६ जूनला शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. अध्यक्ष माझे चुलतकाका. ठराव लिहिला : नुकसान किती, काय दुरुस्त करायचं, लोकवर्गणी घ्यायची की नाही. हा ठराव नसेल तर पुढचा एकही कागद हलत नाही, कारण इमारत जिल्हा परिषदेची आहे. गावाने बांधली, गावाने माती टाकली, तरी एक खिळाही विचारल्याशिवाय मारता येत नाही. सुरुवातीला याचा राग आला होता. नंतर पटलं. उद्या काही पडलं, कुणाला लागलं, तर उत्तर द्यायला कुणीतरी जबाबदार हवा.

अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून बांधकामाच्या अभियंत्यांकडे. अभियंते १४ जुलैला आले, भर पावसात टेप धरून मापं घेतली. अंदाजपत्रक हातात पडायला ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला : ६,१२,००० रुपये. काकांनी तो आकडा वाचला आणि कागद घडी करून खिशात ठेवला, बराच वेळ बोलले नाहीत. गावातल्या निम्म्या घरांवर तेव्हा प्लास्टिकचा कागद होता. कुणाकडे मागायचं?

आणखी एक प्रश्न सगळीकडून यायचा : शाळा तर बंदच आहे, घाई कशाला? त्याला उत्तर होतं. जांभ्याच्या भिंती मातीच्या दरजांवर उभ्या होत्या. आणखी एक पावसाळा त्या उघड्या राहिल्या असत्या तर छपरासकट भिंतींचाही खर्च आला असता. पहिल्या पावसाळ्यासाठी आम्ही चौघांनी मिळून ४,६०० रुपयांचा जाड प्लास्टिकचा कागद भिंतींच्या माथ्यावर बांधला. तुमच्याकडे असं झालं तर बाकी काही जमो न जमो, हे पहिल्या आठवड्यात करा.

जुलैच्या अखेरीस रेंज आली तशी मी वर्गमैत्रिणींना फोन सुरू केले. पैसे आले ते माझ्याच खात्यावर, मोबाइलवरून. सप्टेंबरपर्यंत ४१,००० जमले. ही दुसरी चूक. मंडळाच्या सभेत, ती फोनवरच झाली, एका ज्येष्ठांनी विचारलं, “हे पैसे कुणाच्या खात्यात आहेत? पावती कुणी दिली?” मला फार लागलं. त्या रात्री झोप आली नाही. एकेक नाव माझ्या वहीत होतं, पण त्यांचा प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच दिवशी यादीसकट सगळी रक्कम मंडळाच्या खात्यात भरली. आमचं मंडळ नोंदणीकृत आहे, त्याचा पॅन आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होतं. नोंदणी नसलेल्या मंडळाला अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणपतीच्या वर्गणीला घेतात तशी, कलम ४१क ची. ती आधी घ्या. आणि काही झालं तरी स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका.

क्रमांक घातलेली दोन पावतीपुस्तकं छापून घेतली, ३८० रुपये. पैसे आले त्याच दिवशी पावतीचा फोटो पाठवायचा आणि दर रविवारी जमा-खर्चाचं पान सगळ्यांना, असं ठरवलं. ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळण्याची सोय मंडळाकडे नव्हती, ते आधीच सांगायचो. त्यामुळे एका दुकानदारांची ५०,००० ची देणगी हुकली, वाईट वाटलं. कतारला असलेला एक वर्गबंधू भारतीय पासपोर्टवर आहे, त्याचे पैसे घेता आले. एका मैत्रिणीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला एफसीआरएची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. तिला नाही म्हणावं लागलं. ती फोनवर रडली.

लेकींकडून वर्गणी घ्यायची यावरून मंडळात वाद झाला. ‘माहेराने लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं’ असं म्हणणारे वाईट नव्हते, त्यांना खरंच संकोच वाटत होता. त्या सभेत मी आत्याला फोनवर घेतलं होतं. तिसरीतून काढलेल्या त्याच आत्याला. ती म्हणाली, “त्या वहीत माझा नाव हाय ना? मग शाळा माझी पण हाय.” त्यावर कुणी काही बोललं नाही. विषय पुढे गेला.

२१ ऑक्टोबरपासून बायकांना लोकलने ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. ज्यांना मोबाइलवरून पैसे पाठवता येत नव्हते अशा आत्या-मावश्यांकडे मी डोंबिवलीहून दुपारच्या गाडीने जायची. सुरुवातीला ‘यथाशक्ती द्या’ म्हणत होते, तेव्हा दोनशे-पाचशे यायचे. मग अभियंत्यांच्या कागदावरून भाव काढले आणि सांगायला लागले : एक पत्रा एवढ्याचा, एक लोखंडी पाईप एवढ्याचा, एक गोण सिमेंट एवढ्याची. लोकांचं देणं बदललं. दिव्यात दोन बहिणींनी मिळून एक पत्रा घेतला. महाडच्या एका मावशीने ५१ रुपये दिले आणि पावती देव्हाऱ्यात ठेवली. मकर संक्रांतीला कुणाकडे हळदीकुंकू नव्हतं, करोनामुळे. सात-आठ जणींनी वाणाचे पैसे शाळेला दिले.

दुरुस्तीसाठी लागणारं ना हरकत पत्र २८ ऑक्टोबरला मिळालं. त्याआधी आमचा अर्ज एकदा गहाळ झाला होता, आणि पोच घेतली नसल्याने आम्ही दिला होता हेही सिद्ध करता येईना. पुन्हा सगळं : समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, केंद्रप्रमुखांचा अहवाल, फोटो, अंदाजपत्रक. या वेळी काकांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. पत्रात अटी होत्या. काम अभियंत्यांच्या देखरेखीखाली, मूळ बांधकामात फेरफार नाही, आणि जुनं लाकूड-कौलं विकायची नाहीत. जुनं साहित्यही सरकारी मालमत्ता असतं, निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढल्याशिवाय, ते विकता येत नाही. आम्ही ते विकून थोडे पैसे उभे करू असं धरून चाललो होतो, तो आकडा खोडावा लागला.

डिसेंबरच्या मध्याला काम सुरू करायचं ठरलं आणि ११ डिसेंबरला ग्रामपंचायत निवडणुकांची घोषणा होऊन आचारसंहिता लागली. नुकसानभरपाईतून शाळेला दीड लाख मंजूर झाले होते, त्यांचा कार्यादेश अडकला. मतदान १५ जानेवारीला, निकाल १८ ला. त्या महिन्यात लोखंडाचे भाव चढत गेले. जुलैत २,१५० सांगितलेला पत्रा जानेवारीत २,६०० ला पडला. एका उमेदवाराने २५,००० देऊ केले, प्रचाराच्या कागदावर शाळेचा फोटो टाकायच्या बोलीवर. पैशांची ओढ होती, तरी काकांनी हात जोडून नको म्हटलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

२५ जानेवारी २०२१ ला नारळ फोडला. कौलं परत घालावीत असं मलाही वाटत होतं, त्यांच्याखाली गारवा असतो. पण चांगलं लाकूड आणि कौलं मिळून खर्च हाताबाहेर जात होता. लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रे घेतले. अभियंत्यांनी एक गोष्ट जमिनीवर काटकीने रेघा काढून समजावली, ती प्रत्येक गावाने ऐकावी अशी आहे. वारा छप्पर खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडेला आणि कोपऱ्यांना बसते. आमच्या जुन्या पडवीचं छप्पर बाहेर लांब आलेलं होतं, वाऱ्याने आधी तेच धरलं. म्हणून भिंतीच्या माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओतला, सांगाड्याचे बोल्ट त्यात गाडले, छपराचं बाहेरचं टोक आखूड केलं. कडेच्या पत्र्यांना प्रत्येक पन्हळीवर स्क्रू, मध्ये एकाआड एक. यात काटकसर करू नका.

खर्च असा झाला. सांगाडा आणि वेल्डिंग १,५२,०००. चाळीस पत्रे १,०४,०००. भिंत, पट्टा, सिमेंट, चिरे ६८,०००. मजुरी ५७,०००. दारं-खिडक्या आणि वर्गातले फळे २३,५००, वायरिंग २१,५००, रंग १८,०००, वाहतूक १४,०००. एकूण ४,५८,०००. अंदाजपत्रकापेक्षा कमी, कारण खोदणं, चिरे वाहणं, पाणी मारणं गावाने केलं. दर रविवारी एकेक वाडी. जमा ४,६१,१४० : सरकारी दीड लाख, मुंबई मंडळ १,१०,०००, माहेरवाशिणी १,३६,५००, पूर्वीचे गुरुजी आणि बाई ३२,०००, गावातली घरं ३२,६४०. गावाचा आकडा वाचताना लक्षात ठेवा, यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरावर अजून कागद होता.

शेवटी पाटीवरून थोडी कुरबुर झाली. मोठ्या देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरावीत असं काहींचं म्हणणं होतं. समितीने ठरवलं, पाटी नाही. पडवीत हिशेबाचा तक्ता लावायचा, पावती क्रमांकाच्या ओळीने, ५१ रुपयांपासून सगळे. माझ्या मते हेच बरोबर झालं.

२२ मार्चला काम संपलं, मोजमाप झालं, पैसे कशावर खर्च झाले याचं विनियोग प्रमाणपत्र गेलं. एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि १६ मेच्या रात्री तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर सरकू लागलं. मी डोंबिवलीत फोन हातात घेऊन बसले होते. काकांची रेंज गेली. १७ तारखेला दिवसभर काही कळेना. संध्याकाळी माळावर चढून त्यांनी फोन केला, “बाय, हाय जागच्या जागी. दोन स्क्रू ढिले झालेत, तेवढेच.” मी मुलांना हाका मारल्या आणि मग मला बोलताच येईना.

ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. पावसात पत्र्यांचा आवाज फार होतो, गुरुजींना थांबून राहावं लागतं, आणि एप्रिलमध्ये खोल्या तापतात. खालून छत लावायला पैसे उरले नाहीत, ते पुढचं काम.

उरले होते ३,१४०. त्यातून रजिस्टर बांधून घ्यायचं ठरलं. पण ती वही शाळेबाहेर न्यायला परवानगी नाही. मग तालुक्याच्या ठिकाणच्या एका बुक बाइंडरना गाडीभाड्यासकट १,२०० देऊन शाळेतच बोलावलं. डिसेंबरात मी दोन दिवस गेले होते, तेव्हा ते पडवीत चटई टाकून बसले होते. लुगड्याच्या सुताचे धागे काही पानांना अजून चिकटलेले होते, ते त्यांनी चिमट्याने एकेक काढले. खळ लावली, दोरा ओवला. आतून पहिलीचे पाढे ऐकू येत होते. मधल्या सुट्टीत पोरं भोवती जमली आणि एका मुलीने विचारलं, माझं नाव आहे का यात? गुरुजींनी शेवटचं पान काढून दाखवलं.